लाकडी जहाजातून अवकाशात: नागपुरातल्या आमच्या खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं आम्ही सात जण नागपुरात, घरच्या बैठकीच्या खोलीत, स्पेलजॅमर नावाचा, बोलत बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ मराठीतून खेळतोय. खेळ मी चालवते. प्रश्न येतात ते व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत, कधी नवीन खेळाडू दारात चपला काढता काढताच विचारतो. उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदाची लिहून काढली. अगदी नवीन असाल तर पहिले चार प्रश्न वाचा. आधीपासून खेळत असाल तर सरळ प्रश्न ६ वर जा, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

१. हे नक्की आहे तरी काय? मोबाइल गेम आहे का?

नाही. टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायची ही गोष्ट आहे. एक जण जग सांभाळतो, त्याला डंजन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता हे करतो’ असं सांगत गोष्ट पुढे नेतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. या प्रकारातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि स्पेलजॅमर हे त्यातलं एक जग. जेफ ग्रब यांनी ते रचलं आणि टीएसआर कंपनीनं १९८९ मध्ये काढलं. पुढे २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या नियमांसाठी ते नव्यानं आलं, ६४-६४ पानांच्या तीन पुस्तकांत. कल्पना एका वाक्यात सांगता येते: शिडाची लाकडी जहाजं समुद्राऐवजी ग्रहताऱ्यांमधून चालतात, आणि त्यांवरची माणसं खलाशी असतात, अंतराळवीर नसतात.

२. मला यातलं काहीच येत नाही. येऊन बसलो तर चालेल का?

चालेल. पहिल्या दिवशी तुम्हाला एकच करायचंय, आपलं पात्र कशाला घाबरतं ते ठरवायचं. नियम खेळता खेळता येतात. वीस बाजूंचा फासा हातात घ्या, आकडा वाचा, पुढचं मी सांगते. तीन-साडेतीन तास मात्र सलग द्यावे लागतात. मधेच उठून जाणाऱ्यामुळे बाकीच्या सहा जणांची गोष्ट अडते.

३. खर्च किती येतो?

फाशांचा एक संच, चौकडीची वही, पेन्सिल. जहाजांसाठी आम्ही सुपाऱ्या वापरतो, शत्रूंसाठी संत्र्याच्या वाळवलेल्या बिया. मूळ खेळाच्या नियमांचा गाभा २०२३ च्या जानेवारीपासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. स्पेलजॅमरची पुस्तकं त्यात नाहीत, ती विकतच घ्यावी लागतात. पण सात जणांत एक संच पुरतो आणि तोही डीएमकडे असला म्हणजे झालं. खेळाडूंनी पैसे खर्च करायची गरज नाही.

४. लाकडी जहाज अवकाशात टिकेल कसं? हवाच नाही तिथे!

या जगात असते, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इथे कोणतीही मोठी वस्तू जमिनीवरून निघाली की आपल्याभोवतीची हवा सोबत ओढून नेते. डोक्यावर पदर घेतल्यासारखं हवेचं एक आवरण जहाजाभोवती राहतं. त्यामुळे फळ्यांचा पोकळीशी थेट संबंध येत नाही. उघड्या डेकवर उभं राहून जेवता येतं, गाता येतं, भांडता येतं. एखादा माणूस जहाजावरून बाहेर फेकला गेला तर त्याच्याभोवतीही थोडी हवा जाते. ती लवकर संपते, पण दोर फेकून ओढून घेण्याइतका वेळ मिळतो.

आमचं जहाज सागवानी आहे आणि ते मी मुद्दाम ठरवलं. चंद्रपूर-बल्लारशाचा सागवान आपल्याकडे घराघरांत आहे, दाराच्या चौकटीपासून पाटापर्यंत. सागात मुळातच तेल असतं, म्हणून तो लवकर कुजत नाही. मुंबईच्या वाडिया गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. दोनशे वर्षं टिकलेल्या लाकडावर आमच्या खेळाडूंचा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

५. वारा नाही तर शिडं कशाला? आणि जहाज चालतं कशावर?

चालतं ते एका खुर्चीवर. इंग्रजीत तिला स्पेलजॅमिंग हेल्म म्हणतात, आम्ही ‘सुकाणूची खुर्ची’ म्हणतो. मंत्र जाणणारं कुणीही तिच्याशी मन बांधून घेऊन बसलं की जहाज त्याच्या मनाप्रमाणे हलतं. बसलेल्याला जहाजावर कुठेही उभं असल्यासारखं दिसतं, ऐकू येतं. शिडं आणि दोर लागतात ते वळायला, चपळाईला. जुन्या आवृत्तीत ही खुर्ची बसणाऱ्याची त्या दिवसाची सगळी मंत्रशक्ती शोषून घ्यायची, नव्या आवृत्तीत तसं होत नाही. मला जुनंच आवडतं. खुर्चीवर बसणं म्हणजे काहीतरी गमावणं असलं की कोण बसणार यावरून टेबलावर खरी चर्चा होते.

शिडं अवकाशात अगदीच निरर्थक आहेत असंही समजू नका. जपानच्या ‘इकारोस’ यानानं २०१० मध्ये १४ मीटर बाय १४ मीटरचं पातळ शीड उघडलं आणि सूर्यप्रकाशाच्या दाबावर ते खरोखर पुढे सरकलं. तो दाब तांदळाच्या पाचेक दाण्यांच्या वजनाइतका होता. पण अवकाशात अडवायला काही नसल्यामुळे तेवढाही साठत जातो.

६. हवेचा हिशोब ठेवायलाच पाहिजे का? फार किचकट वाटतं.

ठेवायलाच पाहिजे. बाकीचा कोणताही नियम गाळा, हा गाळू नका.

माझा पहिला खेळ पाच बैठकांत बंद पडला, कारण मी हवा गाळली होती. तेव्हा वाटलं, आकडेमोड कुणाला आवडते? मग जहाजाची नुसती रिक्षा झाली. बसले, उतरले, मारामारी केली, परत बसले. जहाजावर काय चाललंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं उरलं नाही.

पुस्तकातला नियम सोपा आहे. जहाजावर क्षमतेइतकी माणसं असतील तर हवा १२० दिवस ताजी राहते. पुढचे १२० दिवस ती कोंदट असते. कोंदट हवेत प्रत्येकाला विषबाधेचा दोष लागतो, म्हणजे हल्ल्याला आणि कौशल्याच्या प्रत्येक प्रयत्नाला दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. त्यानंतर माणसं गुदमरतात. हवा असलेल्या जगात उतरलं की आवरण पुन्हा ताजं होतं.

आम्ही त्यात आपली भर घातली. एका माणसाला एका दिवसाला लागणारी हवा म्हणजे एक ‘दम’. बारा जणांच्या जहाजावर बारा गुणिले १२०, म्हणजे १,४४० दम. रोज डोकी मोजायची आणि तेवढे दम वजा करायचे. कंदील दिवसभर जळला तर एक दम, चूल पेटली तर दोन. ताजे दम संपले की हवा कोंदट. हे सगळं लाल कापडी पाठीच्या एका वहीत लिहिलेलं असतं, आणि ती वही आमच्यातल्या सगळ्यांत लहान खेळाडूकडे, दहावीतल्या मुलीकडे असते. ती आकडे वरच्या ओळीत पेनानं लिहिते आणि वजाबाकी पेन्सिलीनं करते.

मागच्या मे महिन्यात आम्ही सकाळी खेळत होतो, कारण दुपारी नागपुरात कुणाला घराबाहेर काढायची सोय नसते. झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद होत्या. साडेअकराला लाइन गेली. कूलर घरघरत थांबला, वाळ्याच्या ताट्यांवरचं पाणी टपटप करत टपात पडलं आणि मग तेही थांबलं. गोष्टीत त्या वेळी आमच्या जहाजाला एक फुटकं जहाज सापडलं होतं, आणि त्यावर २४ माणसं जिवंत होती. वहीवालीनं हळूच सांगितलं, “ताई, ११२ दम आहेत.” आमची बारा, त्यांची चोवीस, एकूण छत्तीस. हवा असलेला सर्वांत जवळचा चंद्र तीन दिवसांवर. छत्तीस त्रिक एकशे आठ. चार दम उरत होते.

मग कुणीतरी म्हणालं, कंदील विझवा. चूल विझवा. तीन दिवस भिजवलेले पोहे खायचे. खोलीत घामानं सगळे चिंब होते आणि कुणी खिडकी उघडायला उठलं नाही. त्यांनी चोवीसच्या चोवीस माणसं घेतली. ज्या खजिन्यासाठी चार बैठका घालवल्या होत्या तो मागे सोडला, कारण तिकडे वळलं असतं तर आणखी एक दिवस गेला असता. वहीत त्या पानाच्या खाली पेनानं लिहिलंय: ‘शिल्लक ४.’

७. हवा सांभाळायची तर गुरुत्वाकर्षण कसं धरायचं?

जहाजाला मधोमध आडवी कापणारी एक सपाटी असते आणि सगळं तिच्याकडे ओढलं जातं, वरूनही आणि खालूनही. म्हणजे डेकवर आपण सरळ उभे, आणि जहाजाच्या बुडाला कुणी पाय लावले तर तोही त्याच्या दृष्टीनं सरळच उभा. कठड्यावरून संत्रं बाहेर सोडलं तर ते सपाटी ओलांडून खाली जातं, परत वर येतं, पुन्हा खाली, आणि शेवटी सपाटीवरच तरंगत राहतं.

नवीन लोकांना हे तोंडी सांगून पटत नाही. डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी मी गच्चीवर खडूनं डेक आखला, खऱ्या मापाचा. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाण्याच्या टाकीकडे, सुकाणूची खुर्ची जिन्याच्या दाराशी, डोलकाठीच्या जागी कपडे वाळवायचा खांब. सात जण त्या रेषांच्या आत उभे राहिले आणि लगेच एकमेकांना धक्के लागायला लागले. त्या दिवसापासून ‘मी बाजूला होतो’ असं कुणी सहज म्हणत नाही. बाजूला कुठे होणार, ते आधी सांगावं लागतं.

८. दुसरं जहाज जवळ आलं तर हवा एकत्र होते का?

होते. दोन आवरणं भिडली की हवा मिसळते. आम्ही दोन्हीकडचे दम आणि दोन्हीकडची माणसं एकत्र धरतो. म्हणून कोंदट हवेच्या जहाजाला मदत करायला गेलात तर तुमची ताजी हवा पातळ होणार, हे आधी समजून जायचं. चाच्यांना याचा फायदा घेता येतो: मरायला टेकलेलं जहाज मुद्दाम शेजारी आणून ठेवायचं. लांबून दोर टाकून एकेक माणूस ओढून घेता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि मधल्या टप्प्यात प्रत्येकाजवळ फक्त अंगाभोवतीची हवा असते (प्रश्न ४).

९. ही जहाजं जातात तरी किती वेगानं?

मोकळ्या अवकाशात २४ तासांत १० कोटी मैल, म्हणजे सुमारे १६ कोटी किलोमीटर. आपल्या सूर्यमालेत खेळलात तर पृथ्वीहून सूर्यापर्यंत एक दिवसही लागणार नाही. चंद्र साडेतीन मिनिटांवर. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ असताना साधारण आठ तासांवर, समृद्धी महामार्गानं नागपूरहून मुंबईला जायला लागतात तेवढेच. खऱ्या मंगळयानाला ५ नोव्हेंबर २०१३ ला निघून पोचायला २४ सप्टेंबर २०१४ उजाडला.

मोठ्या वस्तूजवळ आलं की हा वेग आपोआप उतरतो. नाहीतर कुणी कुणाला गाठूच शकलं नसतं आणि गोष्टीत लढाई झालीच नसती.

१०. जुन्या पुस्तकात स्फटिकाचे गोल आणि पेटणारा समुद्र आहे. नव्यात का नाही?

जुन्या आवृत्तीत प्रत्येक सूर्यमाला एका प्रचंड स्फटिकगोलात बंद होती आणि गोलांच्या मध्ये फ्लोजिस्टन नावाचा ज्वालाग्राही प्रवाह होता. दोन्ही कल्पना माणसांनी एके काळी खऱ्या मानलेल्या आहेत. ग्रह स्फटिकाच्या गोलांत बसवलेले आहेत असं प्राचीन ग्रीकांचं खगोल सांगायचं. जळणाऱ्या वस्तूतून फ्लोजिस्टन बाहेर पडतो असं अठराव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ म्हणायचे, लाव्हाझियेनं ऑक्सिजनच्या आधारे ते खोडून काढेपर्यंत. नव्या आवृत्तीत त्या जागी, सूर्यमालांच्या मध्ये, ॲस्ट्रल समुद्र आला. आम्ही जुनं ठेवलं. टाकून दिलेलं विज्ञान एखाद्या जगात खरं असावं, यात मला काहीतरी फार सुंदर वाटतं.

११. जहाजावर आग लागली किंवा कुणी अग्निमंत्र टाकला तर?

सूर्यमालेच्या आत असाल तर नेहमीसारखंच, फक्त दम जातात. एका मोठ्या अग्निमंत्राला आम्ही पाच दम कापतो. पण स्फटिकगोलाच्या बाहेर, फ्लोजिस्टनमध्ये असाल तर ठिणगीसुद्धा स्फोट करते. तिथे शिरण्याआधी चूल, कंदील, विडी, सगळं विझवायचं. आमच्याकडे एक खेळाडू प्रत्येक वेळी डेकवर फिरून मोठ्यानं विचारतो, “विझलं काय बे सगळं?” आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं असतं. एकदा एक जण गप्प राहिला. त्या दिवशी आमचं पुढचं अर्धं शीड गेलं.

१२. मराठीत खेळता येतं का खरंच? शब्द कुठून आणता?

येतं, आणि मी सांगेन की मराठीतच खेळा. घाबरलेला माणूस परक्या भाषेत ओरडत नाही.

आपल्या नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे सुरुवातीला आम्ही सगळं ‘समोरचा भाग’, ‘मागचा भाग’ म्हणायचो. मग अलिबागकडच्या एका खेळाडूच्या मावशीनं फोनवर शब्द दिले: नाळ, डोलकाठी, परबाण (शीड बांधायचा आडवा वासा), तांडेल (खलाशांचा म्होरक्या), नाखवा (जहाजाचा मालक). कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती, तेही शब्द आम्ही घेतले. मोठं तीन काठ्यांचं जहाज ते गुराब, हलकं चपळ ते गलबत. मंत्रांची नावं इंग्रजीच ठेवली, कारण ती पुस्तकात शोधावी लागतात. ‘रोल मार’, म्हणजे फासा टाक, हे आता मराठीच झालंय.

आमच्या गलबताचं नाव ‘मारबत’ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर जिला ‘इडा पिडा घेऊन जा’ म्हणत गावाबाहेर नेतात, तीच. गावातली पीडा घेऊन बाहेर जाणाऱ्या बाईचं नाव घर सोडून निघालेल्या जहाजाला शोभतं, असं सगळ्यांचं एकमत झालं.

१३. माणसाशिवाय दुसरं काय होता येतं?

पाणघोड्यासारखे, बंदुकांचे शौकीन गिफ. आकार बदलणारे लिबलिबीत प्लाझ्मॉइड. यंत्राचे ऑटोनोम. कीटकांसारखे थ्री-क्रीन. अंगाच्या पडद्यांवर तरंगणारे हॅडोझी. हॅडोझींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी: २०२२ च्या पुस्तकात त्यांचा इतिहास ज्या पद्धतीनं लिहिला होता त्यात गुलामगिरीचे आणि वर्णद्वेषाचे पडसाद होते. वाचकांनी ते दाखवून दिलं आणि प्रकाशकांनी त्याच सप्टेंबरमध्ये माफी मागून तो मजकूर काढला. आम्ही हॅडोझी ठेवले आहेत, तो इतिहास नाही.

१४. ऑटोनोमला श्वास लागत नाही. मग सगळ्यांनी ऑटोनोम घेतले तर हवेचा प्रश्नच संपला ना?

हा प्रश्न दर नव्या गटात येतो. नियमाप्रमाणे ऑटोनोमला खाणं, पिणं, श्वास काहीच लागत नाही, म्हणून वहीत त्याचे दम शून्य. प्लाझ्मॉइड तासभर श्वास रोखू शकतो, पण दिवसाच्या हिशोबात त्यानं फरक पडत नाही, त्याचा एक दम पूर्ण धरा.

सगळेच ऑटोनोम असतील तर मी हरकत घेत नाही. पण मग गोष्ट प्रवाशांची करते. ज्यांना हवा लागत नाही अशांच्या भरवशावर ज्यांना लागते ती चाळीस माणसं जहाजावर चढवते. आमच्याकडे एकच ऑटोनोम आहे, आणि प्रश्न ६ मधल्या त्या तीन दिवसांत अंधाऱ्या डेकवर सगळी कामं त्यानंच केली. इतरांना मी हालचाल कमी करायला लावली होती.

१५. खुर्चीवर बसलेलं पात्र बेशुद्ध पडलं तर?

जहाज थांबतं आणि वाहवत जातं. दुसऱ्या मंत्र जाणणाऱ्यानं खुर्चीशी नव्यानं बांधून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. हवा तेवढा वेळ मोजली जातेच. म्हणून जहाजावर मंत्र जाणणारे किमान दोन ठेवा.

१६. लाकूड खरंच कधी अवकाशात गेलंय का, की सगळं कल्पनेतलंच?

गेलंय. जपानच्या क्योटो विद्यापीठानं आणि सुमितोमो फॉरेस्ट्री कंपनीनं ‘लिग्नोसॅट’ नावाचा उपग्रह बनवला, दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या लाकडाचा. पाट्या खिळे की गोंद न वापरता खाचेत खाच बसवून जोडल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो अवकाश स्थानकावर गेला. अवकाशात पाणी आणि ऑक्सिजन नसल्यामुळे लाकूड कुजत नाही, जळत नाही. शिवाय परत येताना वातावरणात ते पूर्ण जळून जातं, धातूच्या उपग्रहासारखे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मागे ठेवत नाही. हे मी टेबलावर वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या सुतारकाम करणाऱ्या काकांनी एवढंच विचारलं, “सांधा कोणता घातला?”

१७. मुलांना आणू का?

बारा वर्षांपुढची आणा. त्याहून लहानांना तीन तास बसवत नाही. अंधाराची, गुदमरण्याची भीती असेल तर आधी सांगा, मी तो भाग हलका करते. हे मोठ्यांनाही लागू आहे.

१८. मला माझ्या मित्रांसाठी हे चालवायचंय. सुरुवात कुठून करू?

पूर्ण विश्व रचत बसू नका. एक लहान जहाज, सहा-सात माणसं आणि जवळचा एक चंद्र, एवढं पहिल्या बैठकीला पुरतं. पहिल्याच प्रसंगात त्यांना निवडायला लावा: कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही. लढाई दुसऱ्या बैठकीला ठेवली तरी चालेल. गटातलं जे कुणी सगळ्यांत गप्प असेल, त्याच्या हातात वही द्या. पहिल्या पानावर जहाजाचं नाव आणि तारीख घालायला सांगा, आणि खाली पेनानं दमांचा आकडा.